पाटलीचा नवस

इटलीला येऊन माणसं काय काय बघतात. माझ्या नशिबी सासूबाईंच्या टाचा आल्या.

पादुआ नावाचं शहर, सकाळचे साडेनऊ. बोईसरच्या सुजित टूर्सची आम्ही सव्वीस माणसं एका कमानीखाली उभी होतो, गळ्यात गाइडचं बोलणं ऐकायची डबी आणि कानात इअरफोन अडकवून. आता दोन तास पायी फिरून शहर बघायचं होतं. तेवढ्यात सासूबाई पायरीवर टेकल्या, माझ्या नवऱ्याने, नीलेशने, घेऊन दिलेले नवेकोरे बूट काढले, मोजे आत नीट खोचले आणि जोड माझ्या हातात दिला. शिरगावला आमच्या पानमळ्यात शिरताना बांधावर चपला काढतात, अगदी तसं. तिथे ते ठीक आहे. विड्याच्या पानांच्या वेलींत आमच्याकडे कुणीच पायताण घालून जात नाही, मालकसुद्धा नाही. पण इथे कुठे पानमळा होता?

"आई, हे काय चाललंय?"

"धर गो. नवस हाय."

एवढं बोलून तोंड मिटलं. नवस फिटेपर्यंत बोलून दाखवायचा नसतो, असं त्यांचं शास्त्र. बोलायची गरजही नव्हती म्हणा. कसला नवस ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच माझं डोकं सणकलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हा, गौरीच्या आदल्या दिवशी सासूबाईंची सोन्याची पाटली हरवली. डबे उपसले, गाद्या झटकल्या, विहिरीत गळ टाकून झाला. मग ओटीवर शेजारच्या पाच बायका बसलेल्या असताना सासूबाई म्हणाल्या, "घरात भायेरची एकच हाय." मी पिशवी भरली आणि बेटेगावला माहेरी निघून गेले. चार महिने तिथे राहिले. शेवटी नीलेश आला. पाटली तांदळाच्या कणगीत सापडली म्हणाला, आईनेच तुला आणायला पाठवलंय म्हणाला. मी परत गेले. वाटलं होतं, उंबऱ्यात तरी म्हणतील, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "आलीस? भात टाक."

तो भात मी आजतागायत टाकते आहे. 'चुकलं' एवढा एक शब्द मला हवा होता आणि अजून हवा आहे. पन्नाशीला टेकलेल्या, कलेक्टर ऑफिसात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईने एका शब्दासाठी असं झुरावं, याची लाज वाटते. पण आहे ते आहे.

पाटली मिळावी म्हणून सासूबाईंनी सांत अंतोनीला नवस बोलला होता, असं सगळं शिरगाव म्हणायचं. मळ्याशेजारी फिलूबाई राहायची, ख्रिस्ती, दवाखान्यात नर्स. तिच्या दारावर या संताची तसबीर होती. हरवलेलं शोधून देणारा संत. सासूबाई तिच्याकडे जाऊन मेणबत्ती लावून आल्या आणि चार दिवसांत पाटली सापडली, तेव्हा लोकांनी दोन नि दोन चार केले. त्या संताची समाधी पादुआला. गेल्या वर्षी नीलेशने विचारलं, "आई, पंचाहत्तरी झाली, कुठे नेऊ तुला?" काशी म्हणतील असं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "पादुआ." आणि ऐन वेळी तारापूरच्या कारखान्यात शटडाउन निघालं, नीलेशची रजा गेली नि ही वरात माझ्या गळ्यात पडली. ज्या पाटलीपायी मी चोर ठरले, तिचा नवस फेडायला मीच त्यांना घेऊन आले होते. चुलीत गेला तो संत.

चालू लागलो. पुढे कियारा नावाची गाइड, मिटलेली पिवळी छत्री उंच धरून. ती इंग्रजीत पाच-पाच मिनिटं बोलायची, हात नाचवत, जीव ओतून. मग सुजित आमच्या कानात त्याचं मराठी करायचा, "हे खूप जुनं आहे. फोटो काढा." पुढच्या चौकात पुन्हा पाच मिनिटं. "हेपण जुनं आहे." हा गडी पूर्वी बोईसर स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकायचा. ते त्याला बरं जमत असणार.

आठशे वर्षांच्या एका सभागृहापाशी थांबलो. त्याचं छप्पर पालथ्या घातलेल्या होडीसारखं. मला ते खरोखर आवडलं, पण सुखाने बघू देतील तर ना. शेजारी जमुनावहिनी उभ्या होत्या. यांच्या यजमानांचा बोईसरला पत्र्यांचा धंदा. त्यांनी पर्समधून चकली काढली, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आपलं पालघरचं कलेक्टर ऑफिस याच्याहून मोठं असेल, नाही?" बाईंना जगात लांबी-रुंदी सोडून काही दिसत नाही. मग त्यांनी खाली बघितलं आणि तेवढं मात्र बरोबर दिसलं.

"अगं बाई! आजी, इथे देऊळ नाही हो! रस्ता आहे हा."

"देवळाचाच हाय ना रस्ता," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी फोन काढून पायांचा फोटो घेतला. सुजित धावत आला. "आजी, इथे अनवाणी फिरलं की दंड होतो." धडधडीत खोटं. कियाराने काय झालं ते विचारलं, सुजितने सांगितलं, आणि तिने सासूबाईंच्या पायांकडे बघत छातीवर हात ठेवला. "ब्यूटिफुल," ती म्हणाली. ब्यूटिफुल! भेगाळलेल्या टाचा आणि अंगठ्याला चिकटलेलं सिगारेटचं थोटूक. या लोकांना आपली गरिबी आणि आपला खुळेपणा सारखाच सुंदर दिसतो. एकटीने हसून बघितलं म्हणून मी तिच्यावर खूश व्हायचं की काय?

मी बूट हातात धरून मागून चालत राहिले. दगड उन्हाने तापायला लागले होते. सासूबाई मध्येच एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीला घासायच्या आणि पुढे निघायच्या. दया यायला हवी होती. आली नाही. दोन तोळे सोन्यासाठी चाललंय हे सगळं, एवढंच डोक्यात होतं.

मग ते देऊळ आलं. घुमटांवर घुमट, आणि दाराशी पार चौकापर्यंत रांग. सुजितने सगळ्यांना सावलीत गोळा केलं. "ऐका. इथे फोटोसाठी पंधरा मिनिटं. आत जायचं नाही, रांग मोठी आहे. आत त्या संताची जीभ ठेवलीय काचेत, आठशे वर्षं झाली, सडली नाही. तिचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकतो. आपल्याला व्हेनिसची बोट पकडायचीय."

"आत नाय जायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, नमस्कार बाहेरूनपण पोचतो."

"मंग तू बोईसरवरनंच करायचा व्हतास की," सासूबाई म्हणाल्या आणि सरळ रांगेकडे चालू लागल्या.

मला जावंच लागलं मागे. कानात सुजित कोकलत होता, "दीपाताई, आजींना आवरा. गाडी थांबणार नाही हां, आधीच सांगतो." चार पावलं पुढे गेल्यावर आवाज खरखरला आणि बंद पडला. तेवढंच सुख.

रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. दारावरच्या रखवालदाराने सासूबाईंचे पाय बघितले, माझ्या हातातले बूट बघितले आणि आत सोडलं. आत गार होतं. पंधरा मिनिटं केव्हाच उलटली होती. गाडी जाणार, परक्या देशात आम्ही दोघी राहणार, आणि कशासाठी, तर पाटलीसाठी. माझा तोल सुटला. देवळात सगळे कुजबुजत होते, मी चांगली मोठ्याने बोलले. मराठी तिथे कुणाला कळणार होतं?

"पाटली मिळाली म्हणून एवढं करताय ना, आई? त्या पाटलीपायी मला पाच बायकांपुढे चोर म्हणालात. त्याचं काय? ते कुणाला आठवतंय का?"

त्यांनी पदर नीट केला आणि एक पाऊल पुढे सरकल्या.

समाधी म्हणजे एक दगडाची शिळा. माणसं येत होती, तिच्यावर हात ठेवून डोळे मिटत होती आणि पुढे जात होती. बाजूला फोटोच फोटो लावलेले होते. तान्ही मुलं, नवरा-बायको, हॉस्पिटलच्या खाटेवर बसून हसणारा एक म्हातारा. ज्यांना ज्यांना संताने काही परत दिलं, त्यांनी आणून ठेवलेले. सासूबाईंनी कमरेची पानाची चंची सोडली. आता त्यातून पाटली निघणार, मी मनात म्हटलं, आणि ती इथे ठेवून आल्या तर नीलेशला सांगायचं काय?

चंचीत मळ्यातली पानं होती, प्रवासात सुकून गेलेली. त्या पानांमधून एक फोटो निघाला.

मी होते त्यात. हिरवी साडी आणि तोंड हे एवढं फुगलेलं. चुलतदिराच्या लग्नातला, मी बेटेगावहून परतले त्याच महिन्यातला. बाजूची माणसं कात्रीने कापून टाकली होती. माझ्या खांद्याशी नीलेशचा एक कान तेवढा राहिला होता.

"आणि पाटली?" मी विचारलं.

"तिचं काय? ती तं तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशीच गावली. कणगीत हात घातला नि लागली."

"दुसऱ्या दिवशी?"

"कुणाला बोलली नाय मी. कुठल्या तोंडानं बोलू? उशीखाली ठेवली चार महिने. मंग फिलू बोलली, हरवलंय ते माग त्याच्याकडं. मी तुला मागितली." मागची माणसं खोळंबली होती, सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. "मंग चार दिवसांनी नीलेशला बोलायला तोंड फुटलं."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम, पण राग आधी. चार महिने मी भावजयीच्या घरात खालमानेने बसले होते. पाणी मागतानासुद्धा वाटायचं, ही मनात चोर म्हणत असेल. आणि पाटली यांच्या उशीखाली! शिरगावहून बेटेगाव म्हणजे दोन रिक्षा बदलल्या की तासाभराची वाट. ही बाई सात समुद्र ओलांडून पादुआच्या तापल्या दगडांवर अनवाणी चालली, पण बेटेगावला आली नाही.

"बेटेगावला यायचं होतंत की, आई," मी म्हणाले. "एवढ्या लांब कशाला?"

"तितं तू व्हतीस," त्या म्हणाल्या. "हा काय उलटून बोलत नाय."

त्यांनी फोटो बाकीच्या फोटोंत खोचला, सुकलेली पानं त्याच्याखाली ठेवली. शिळेवर हात टेकला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं." मला म्हणाल्या की दगडाला, देव जाणे. तोंड दगडाकडेच होतं.

एकोणीस वर्षं वाट बघितलेला शब्द तो, आणि आला तोही पाठमोरा. मी तो तसाच घेतला. दुसरा मिळण्यातला नव्हता.

मागची माणसं पुढे सरकायला लागली तशी मी सासूबाईंना दंडाला धरून एका खांबापाशी बाकावर नेऊन बसवलं. तळवे लाल झाले होते. डाव्या पायाला फोड आला होता. मी बूट त्यांच्या पुढ्यात ठेवले. ठेवले म्हणजे टाकलेच. मग खाली फरशीवर बसले आणि बुटातला मोजा बाहेर काढला.

"पाय पुढे करा," मी म्हणाले. "घरी जाऊन भात टाकायचाय मला."