गाळलेल्या दोन ओळी

चौकशी समितीला सहा आठवड्यांची मुदत दिली होती. वाचनालयातल्या लांब टेबलाला मात्र पंधरा मिनिटं पुरत. साडेनऊला वर्तमानपत्रं येत, पावणेदहाला निकाल लागलेला असे आणि दहापर्यंत त्या निकालावर अपील चाले.

प्रकरण एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. इथल्याच कोर्टातून वर चढत गेलेल्या एका न्यायाधीशांचं नाव उच्च न्यायालयासाठी पुढे आलं, पेपरात हसरा फोटो आला आणि चौथ्या दिवशी एका बाईने पत्र लिहून कळवलं, की एकोणीस वर्षांपूर्वी आपण त्यांच्याकडे टायपिस्ट होतो तेव्हा त्यांनी दार लावून आपल्याशी गैरवर्तन केलं होतं. तेव्हापासून गावात जो तो वकील झाला होता. न्हाव्याच्या खुर्चीत, बसच्या रांगेत, जिन्यात, जिथे दोन माणसं उभी राहतील तिथे तिसरा साक्षीदार म्हणून येऊन मिळे. त्या वेळी तिथे कुणीच नव्हतं, पण सांगायला सगळ्यांकडे होतं.

"एकोणीस वर्षं काय झोपली होती का?" हा प्रश्न निवृत्त मास्तर रोज विचारत. उत्तराची त्यांना गरज नसे. समोर बसणारे औषधवाले म्हणत, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. त्यावर मास्तर म्हणत, हल्ली धुराला आग लागत नाही, मोबाईल पुरतो. टेबल हसे. मग दोघे एकमेकांकडची पानं बदलून घेत.

टेबलाच्या टोकाला, पंख्याचा वारा पोहोचत नाही त्या खुर्चीवर, एक म्हातारा बसलेला असे. कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होता. कानावर पेन्सिल अडकवून हिंडायची सवय, म्हणून कचेरीत त्याचं नाव पेन्सिल पडलं होतं आणि अंगकाठीही तशीच असल्यामुळे ते चिकटलं. तो कोर्टात होता एवढं टेबलाला माहीत होतं. कुणाच्या हाताखाली होता हे कुणी कधी विचारलं नव्हतं. गुळणी धरून बसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचं लोक हळूहळू सोडून देतात. त्याच्या बाबतीत ते फार पूर्वीच सोडून दिलेलं होतं.

तो त्याच साहेबांच्या हाताखाली होता. त्या दिवशी, त्याच खोलीत, साहेबांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसला होता.

रविवारी मुलीचा फोन येई. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. तब्येत, गोळ्या, गळका नळ असं ठरलेल्या क्रमाने बोलून झालं की ती ठेवते म्हणायची. त्या रविवारी मात्र ती थांबली.

"बाबा, तुम्ही तेव्हा त्यांच्याकडेच होता ना?"

"हो."

"मग?"

"मी बाहेर होतो," तो म्हणाला.

ती बरं म्हणाली, पण लगेच फोन ठेवला नाही. तिकडून भांड्यांचा आवाज येत राहिला. मग, नळवाल्याला बोलवा, असं सांगून तिने ठेवला. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात उचलला नाही. खोटं तर काही बोललो नव्हतो, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. बाहेर होतो हे खरंच होतं. बाहेर कसा गेलो एवढंच सांगायचं राहिलं होतं.

मंगळवारी दुपारी हेडक्लार्क आला. हाही निवृत्त, पण निवृत्ती त्याला मानवली नव्हती. अजून खिशात दोन पेनं आणि काखेत फाईल असायची. दोघांनी तीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला. बायको गेल्यापासून पेन्सिलच्या घरी वर्षातून चार वेळा येणारा तो एकटाच.

"काय रे पेन्सिल, झिजलास की," तो म्हणाला आणि न विचारता स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहा होईस्तोवर त्याने साहेबांवर कसं बालंट आलंय, माणूस कसा हिऱ्यासारखा, हे सगळं सांगितलं. मग फाईल उघडली. आत एक टाईप केलेलं पत्र होतं. साहेबांच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी समितीला लिहिलेलं. खाली अकरा सह्या झाल्या होत्या.

"तुझी बारावी. खरं तर पहिली हवी होती, तू तर रोज शेजारी बसायचास. पण म्हटलं, तू कुठे पळून जातोयस."

पेन्सिलने चष्मा लावून पत्र वाचलं. टाईप करणाऱ्याने समास नीट सोडला नव्हता. मजकूर चार ओळींचा होता. 'आम्ही आमच्या सेवाकाळात असा कोणताही प्रकार पाहिला वा ऐकला नाही.'

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग, उन्हाळी सुट्टीचा अर्ज देताना बोलायचा त्याच हळू आवाजात, त्याने विचारलं, "यातलं 'ऐकला' एवढं काढता येईल का?"

हेडक्लार्क हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की पेन्सिलने आयुष्यात कधी विनोद केलेला नाही. कप खाली ठेवून तो त्याच्याकडे बघत राहिला.

"काय ऐकलंस तू?"

पेन्सिलने पत्र परत त्याच्याकडे सरकवलं.

"हे बघ," हेडक्लार्कचा आवाज खाली आला, "वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा तुला रोज चारला कोण सोडत होतं? सहा महिने. एक दिवस रजा कापली नाही. खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने."

"जागलो ना," पेन्सिल म्हणाला. "एकोणीस वर्षं जागलो."

पुढे बोलणं वाढलं नाही. हेडक्लार्कने फाईल बांधली, दोरीची गाठ दोनदा चुकली. दारात तो म्हणाला, की दोन दिवस विचार कर, मी परत येतो. येणार नाही हे दोघांनाही कळलं होतं. अर्धा कप चहा टेबलावर तसाच राहिला. पेन्सिलने तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही, जणू माणूस नुसता बाहेर गेला आहे.

मग त्याने कपाटाच्या तळातून वही काढली.

लघुलेखकांच्या वह्या ठराविक वर्षांनी कचेरीतच नष्ट करतात. ही वही चुकून घरी राहिली, असं तो स्वतःशी म्हणत आला होता. पण ती त्याने त्याच आठवड्यात पिशवीत घालून घरी आणली होती आणि बायकोच्या साड्यांखाली ठेवली होती. चुकून कोणी साड्यांखाली ठेवत नाही.

त्या दिवशी साहेब एक निकाल सांगत होते. डाव्या कोपऱ्यात वेळ लिहिलेली होती, तीन वाजून पंचवीस. सव्वा पान निकाल होता, वाटणीचा दावा, विहीर सामाईक. एका वाक्याच्या मध्यावर नवी टायपिस्ट कागद घेऊन आत आली होती. चोवीसेक वर्षांची, कामाला चोख, पेन्सिलला काका म्हणणारी. आणि पुढे त्या वळणदार खुणांमध्ये, विहिरीच्या लगेच नंतर, दोन ओळी होत्या.

ही त्या धंद्याची खोड आहे. लघुलेखकाचा हात कानाला बांधलेला असतो, मध्ये डोकं येत नाही. साहेब खोकले तर हात थांबतो, पण साहेब चहा आणा म्हणाले तर हात 'चहा आणा' लिहून मोकळा होतो. नंतर टाईप करताना अशी वाक्यं गाळायची असतात. सगळेच गाळतात. पेन्सिल तर त्यात वाकबगार होता. त्याच्या प्रतीत कधी नको तो शब्द सापडला नव्हता.

त्या दोन ओळींतलं पहिलं वाक्य हाताने लिहिलं, दुसरंही लिहिलं, मग तो उठला. कोपऱ्यात वेळ टाकली, तीन चाळीस. बाहेरच्या बाकावर बसला. समोर घड्याळ होतं. दवाखान्यात भेटायची वेळ पाचची, बस चार दहाची. चार वाजले, दार बंदच होतं. त्याने पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवड्याने तिने स्वतःहून तळघरातल्या जुन्या कागदांच्या विभागात बदली मागून घेतली. जिन्यात एकदा समोरासमोर आले तेव्हा तिने काका म्हटलं नाही. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. निकालाचा उरलेला भाग त्याने दुसऱ्या वहीत घेतला आणि सगळा टाईप करून दिला. विहीर सामाईकच राहिली.

शुक्रवारी तो समितीच्या कार्यालयात गेला. खिडकीतल्या कारकुनाने वही उघडून उलटी धरली, सुलटी धरली.

"आजोबा, हे कोण वाचणार?"

"मीच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला येणार नाही." प्रत्येक लघुलेखकाच्या खुणा पुढे पुढे त्याच्या एकट्याच्या होत जातात, हे त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. कारकून म्हणाला, म्हणजे कुलूपही तुमचं आणि किल्लीही तुमची. पण त्याने पोच दिली, शिक्का मारून.

बातमी त्याच्याआधी वाचनालयात पोहोचली. हेडक्लार्कने सांगितलं असेल, नाहीतर कारकुनाने. सोमवारी तो खुर्चीवर बसला तेव्हा टेबलावर अपील चालू नव्हतं. सगळे एकदम वाचनात बुडाले होते. शेवटी मास्तर पेपर खाली न घेताच म्हणाले, काही लोक म्हातारपणी प्रसिद्धीच्या मागे लागतात. औषधवाल्यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. ते तर त्याच्या बाजूचे असायला हवे होते. पण त्यांनी विचारलं ते असं, की इतकं माहीत होतं तर इतकी वर्षं काय झोपला होतात का.

मास्तरांचाच प्रश्न होता. या वेळी तो योग्य पत्त्यावर आला होता. पेन्सिलने पेपर घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो घरीच रेडिओवर बातम्या ऐकू लागला.

समितीने त्याला पुढच्या गुरुवारी बोलावलं. लांबट खोली, बंद खिडक्या, टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या बाई वयाने मोठ्या, आवाज मऊ. एका बाजूला साहेबांचे वकील. दुसऱ्या बाजूला, भिंतीलगत, ती. केसांत पांढरं आलेलं. त्याने तिकडे पाहिलं आणि लगेच वहीकडे पाहिलं.

"वाचा," बाई म्हणाल्या.

लघुलेखकाने वाचून दाखवताना आवाजात चढउतार ठेवायचा नसतो. कुणाचा राग, कुणाचं रडणं, सगळं एका सुरात. त्याने तसंच वाचलं. वादी, प्रतिवादी, पूर्वेकडचं शेत, सामाईक विहिरीबाबत उभय पक्षांत. मग न थांबता, त्याच सुरात, "तुम्ही जरा बाहेर थांबा, दार ओढून घ्या. साहेब, दार उघडं राहू दे."

तो थांबला. पुढे पान कोरं होतं.

वकील उठले. वहीत कोण बोललं याची खूण नाही, मग दुसरं वाक्य कुणाचं हे कशावरून, असं त्यांनी विचारलं.

"साहेब स्वतःला साहेब कसे म्हणतील?" तो म्हणाला. "आणि तिसरा माणूस मी. मी बोलत नाही."

वकील बसले. हे नंतर कधीही घरी बसूनही लिहिता येतं, एवढं त्यांनी बसता बसता नोंदवून घ्यायला सांगितलं. कोपऱ्यातला लघुलेखक, चाळिशीचा, खाली मान घालून भराभर लिहीत होता. पेन्सिलचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. चांगला हात होता.

मधल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "मग दार कुणी ओढलं?"

हे वहीत नव्हतं. हात लिहितो तेव्हा पाय काय करतात ते वहीत येत नाही. मी तेव्हा उठलोच होतो, दार आपोआप लागलं असेल, एवढं म्हणता आलं असतं. वही त्याला अडवणार नव्हती.

"मी," तो म्हणाला. "ती उघडं राहू दे म्हणाली, ते ऐकलं. आणि मग ओढलं. चार वाजता निघून गेलो."

खोलीत फक्त त्या लघुलेखकाच्या लिहिण्याचा आवाज झाला, तोही दोन क्षणांत थांबला. त्याला जायला सांगण्यात आलं. वही समितीने ठेवून घेतली.

बाहेर बोळात बाक होता. तो तिथे टेकला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि ती बाहेर आली, पाणी प्यायला. त्याला पाहून थांबली. तो उठला. काय म्हणावं ते त्याने बसमध्ये येताना ठरवलं होतं, दोन वाक्यं होती, ती आता आठवेनात.

"मला वाटायचं, मी फार हळू बोलले," ती म्हणाली. "इतकी वर्षं तेच वाटायचं. की तुम्हाला ऐकूच गेलं नसेल."

ती रागावलेली दिसत नव्हती. एखाद्या जुन्या हिशेबात आपलं चुकलं नव्हतं हे कळल्यावर माणूस जसा रिकामा उभा राहतो, तशी ती उभी होती. मग तिने मान हलवली, पाणी न पिताच वळली आणि आत गेली. दार तिने पूर्ण उघडं टाकलं होतं. आतल्या शिपायाने ते येऊन लावून घेतलं.

रविवारी फोन वाजला तेव्हा तो रेडिओजवळच बसला होता. तब्येत झाली, गोळ्या झाल्या. नळाचं तिने विचारण्याआधी तोच म्हणाला, "त्या दिवशी तू विचारलंस ना, ते मी पूर्ण सांगितलं नव्हतं. वेळ आहे का तुला?"

"आहे," मुलगी म्हणाली.

त्याने घसा साफ केला. आणि वही समोर नसताना, तीन पंचवीसपासून सुरुवात केली.