लोंबत्या वायरी

घराला लागूनच असलेल्या आपल्या स्टुडिओचं दार रेकॉर्डिस्टबाईंनी उघडलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. पॅचबेवर, म्हणजे कुठला आवाज कुठल्या यंत्रात जाणार हे ठरवणाऱ्या भोकांच्या फळीवर, काल सोडून ठेवलेली एकही वायर लोंबत नव्हती. सगळी टोकं कुठे ना कुठे खुपसलेली.

"मीच आवरलं गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "केवढा तो पसारा! जवळ भोक दिसलं की घातलं टोक."

बाई दातओठ खात वायरी उपसायला निघाल्या, तेवढ्यात रेकॉर्डिंगला आलेला गायक काचेपलीकडे जाऊन हेडफोन चढवून गुणगुणू लागला. त्याचा आवाज भंगारात काढायच्या जुन्या इको यंत्रातून फिरून आला, तो विहिरीतून यावा तसा खोल, गार.

गायक हरखला. "ताई, हात लावू नका! कुणाचं हे डोकं?"

"घरचंच आहे," बाई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशीच्या गायिकेचा आवाज काही केल्या खुलेना. शेवटी बाईंनी चार वायरी मुद्दाम लोंबत्या सोडल्या आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, इथे केवढा पसारा झालाय बघा!"