तीन दिवसांचे आकडे

आमची देवश्री परदेशात एका भल्यामोठ्या गोल बोगद्यात इलेक्ट्रॉन पळवते. म्हणजे पळवतात दुसरे. त्या पळणाऱ्यांत ऊर्जा नेमकी किती, हे दशांश चिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत सांगायचं काम हिचं. बापाचाच वारसा, दुसरं काय! आमच्या नीळकंठरावांनी तीस वर्षं बालाघाट जिल्ह्यात घाटावरच्या पट्टीवर वैनगंगेची पातळी वाचली.

सुटीवर आली, पण लॅपटॉपमधून मान वर काढेना. शेवटी यांनीच विचारलं, "काय होऊन राह्यलं, बेटा?"

"बाबा, तीन दिवसांचे आकडे वेगळे आलते. मले वाटलं यंत्राची गडबड, म्हणून काढून टाकले. आता कळलं, त्या दिवसांत जवळच्या तलावाचं पाणी चढलतं. त्या भारानं जमीन हलली, बोगद्याचं कडं केसभर ताणलं, अन् ऊर्जा खरंच बदलली. आकडे बरोबर होते. निकाल परवा छापाले जाऊन राह्यला."

"मंग सांगून टाक."

"चाळीस लोकांचं काम थांबन, बाबा. माह्याकडून हे काम काढून घेतीन."

मी लगेच म्हणाले, "केसभरच ना? राहू दे." आईचं काळीज अप्पलपोटं असतं, मी कुठे नाही म्हणते!

यांनी तिच्याजवळ खुर्ची ओढली. मग तिला म्हणाले, "तुले कावीळ झालती, तवा मी दवाखान्यात बसून होतो. घाटावर गेलोच नाही. अंदाजानं आकडा लिवला. दुसऱ्या दिवशी त्यावर एक रेघ मारली, बाजूले 'न पाहता लिहिला' असं लिवलं अन् सही केली. आमच्या खात्यात चुकलेला आकडा मिटवत नाहीत, तो वाचता आला पाह्यजे. त्या सहीपायीच दूर लामत्याच्या घाटावर बदली झाली."

माझं लाटणं थांबलं. त्या बदलीसाठी मी वीस वर्षं एका बिचाऱ्या साहेबाला शिव्या घातल्या होत्या! "काहून नाही सांगितलं मले?"

"तू रडली असती," हे म्हणाले. मी तिथंच रडले.

देवश्रीनं चार ओळींचं पत्र लिहिलं. काढलेले आकडे जोडले, ते का काढले तेही लिहिलं. यांनी एकच विचारलं, "खाली तुयं नाव टाकलं?"

"हौ."

"मंग धाड."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. छपाई थांबली होती. ऊर्जेचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. तिनं ते आम्हाला मराठीत सांगितलं, आवाज जराही कापू न देता. मला तिचा इतका अभिमान वाटला!

मग ती ताट घेऊन बसली. "आई, भात वाढ," म्हणाली, "अन् जरा जास्तच वाढ. मले कितीतरी दिवसांनी भूक लागली."