खवट लोण्याचा वास

हेडविका गेली ती आलुबुखार पिकायच्या दिवसांत. बागेत शिडीवरून खाली उतरली, जरा दम लागलाय म्हणाली, गवतावर बसली आणि पुन्हा उठलीच नाही. तिचा नवरा ओटाकार तेव्हा तळघरात टाक्या धूत होता. शेजारीण हाका मारत राहिली, पण पंपाच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही.

गावातल्या बंद पडलेल्या डेअरीत त्या दोघांनी छोटीशी ब्रुअरी काढली होती. एकच बिअर करायचे, फिकट सोनेरी पिल्सनर. ती जवळजवळ सगळी माझ्याच खानावळीच्या नळातून गावाच्या पोटात जायची. बाहेरगावची माणसंही ती प्यायला यायची आणि परत जाताना गाडी बायकोच्या हातात द्यायची.

हेडविकाला पुरल्यावर ओटाकार घराबाहेर दिसेना. माझ्याकडची पिंपं संपली. आम्हाला वाटलं, आटोपलं सगळं. पण एका सकाळी डेअरीच्या धुराड्यातून वाफ निघाली आणि माल्ट शिजल्याचा गोडसर वास चौकापर्यंत आला. खिडकीजवळच्या टेबलाशी बोहुश बसला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते टेबल त्याने स्वतःच्या नावावर करून घेतल्यासारखंच होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, "उठला बाबा एकदाचा."

ती बिअर नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला तयार झाली. खानावळ गच्च भरली होती, भट्टीत सणाचे हंस भाजत होते. ओटाकार स्वतः पिंप घेऊन आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पण कॉलर एका बाजूने मुडपलेली. नळ त्यानेच सोडला. फेस दाट, रंग नेहमीसारखा. आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघून ग्लासला ग्लास लावले आणि घोट घेतला.

माझा घोट तोंडातच राहिला. त्यांच्या बिअरला आधी ताज्या पावाचा वास यायचा, मग ओल्या गवताचा, आणि शेवटी ती अशी स्वच्छ कडू उतरायची की ग्लास खाली ठेवायच्या आत दुसरा घोट हवासा वाटायचा. आज मात्र खवट लोणी होतं. जिभेवर तेलकट साय चढल्यासारखं झालं. मी मान वर केली, तर सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखेच झालेले.

ओटाकार एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "काय रे? मुके झालात का सगळे?"

बोहुशने मिशीवरचा फेस पुसला. "बरी आहे."

"नुसती बरी?"

"अरे, चांगली आहे म्हणतो! आता काय टेबलावर चढून नाचू? गुडघे बघ माझे!"

सगळे हसले. ओटाकारही हसला, हेडविका गेल्यानंतर पहिल्यांदाच. तो चेहरा पाहिल्यावर तोंड उघडायची कोणाची छाती होणार?

आणि मग गाव ती बिअर पीत राहिलं. कुणी कुणाशी बोललं नाही, काही ठरवलं नाही. कुणाचं पोट एकाएकी बिघडलं, कुणाला थंडीमुळे रम घातलेला चहा लागू लागला. बाकीचे अर्धा ग्लास पिऊन उठायचे. ओटाकार येऊन बसला असला, की ते उरलेले ग्लास मी चटकन आत नेऊन मोरीत ओतायचे. बोहुश तेवढा रोज एक ग्लास तळापर्यंत संपवायचा, औषध घ्यावं तसा. पुढची पिंपंही तशीच निघाली.

नाताळ जवळ आला होता. एके दुपारी ओटाकार आत आला तो बुटांवरचं बर्फ न झटकताच.

"मिलाडा, जिल्ह्याच्या गावातला तो हॉटेलवाला आहे ना, तो येतोय शुक्रवारी. चाखून पटली तर कायम घेणार म्हणतो. हेडविका किती दिवस त्याच्या मागे लागली होती!"

मी बोहुशकडे पाहिलं. त्याने ग्लास हळूच बाजूला सरकवला.

"ओटो, त्याला बोलावू नकोस."

"का? त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"तू बस आधी."

"नाही बसत. बोल तू."

"तुझ्या बिअरला लोण्याचा वास येतो रे. खराब झालेल्या लोण्याचा."

ओटाकारने तो सरकवलेला ग्लास घेतला, नाकाशी धरला, खूप वेळ धरला. मग खाली ठेवला.

"कधीपासून?"

"मार्टिनच्या सणापासून."

"मिलाडा, तुलाही येतो?"

मी होकारार्थी मान हलवली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांकडे त्याने पाहिलं. ते ग्लासात बघत बसले.

"म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी इथे वेड्यासारखा तोंडं बघत फिरत होतो आणि तुम्ही माझी कीव करत पीत होतात."

"कीव कसली, ओटो..."

"मग काय? चव आवडली म्हणून?"

बोहुशने त्याच्याकडे खुर्ची सरकवली. ओटाकार खुर्चीत बसला आणि टेबलाकडे बघत सांगू लागला. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला जबर ताप आला होता, त्यात त्याचं नाक गेलं ते गेलंच. धूर कळत नाही, सांडलेलं पेट्रोल कळत नाही, बायकोच्या केसांचाही वास येत नव्हता. हे फक्त हेडविकाला माहीत होतं. तेव्हापासून टाकीची तोटी उघडून तीच घोट घ्यायची आणि बिअर पिंपात भरायची वेळ झाली का ते सांगायची, 'अजून नाही,' नाहीतर, 'आता सोड.' तेवढंच.

"मला वाटलं, एवढी वर्षं बिअर केली, आता हातांनाच कळेल," तो म्हणाला. "नाही कळलं हातांना. कच्चीच सोडली मी, म्हणून तो लोण्याचा वास."

हॉटेलवाल्याला त्याने येऊ नको असं कळवलं. नंतर बरेच दिवस ओटाकार खानावळीत फिरकला नाही. नाताळ उलटल्यावर त्याने मला आणि बोहुशला ब्रुअरीत बोलावलं. एका टाकीतली बिअर गटारात चालली होती आणि फरशीवर फेस साचला होता. मला राहवलं नाही.

"ओटाकार, मी चाखत जाईन ना. रोज येईन."

त्याने दुसऱ्या टाकीतली गढूळ, कच्ची बिअर ग्लासात काढून मला दिली. "सांग. सोडू की थांबू?"

मी प्यायले. यीस्ट लागलं, हिरव्या सफरचंदासारखं काहीतरी लागलं. "थांब," म्हटलं. पुन्हा एक घोट घेतला. "नाही, सोड बहुतेक... मला नाही रे सांगता येत."

"तुझा दोष नाही. तुला तयार बिअर कळते. तिला कच्चीत कळायचं, पुढे काय होणार ते."

मग त्याने कोपऱ्यातून एक लहान पिंप ओढत आणलं. हेडविकाने 'आता सोड' म्हटलेल्यातलं ते शेवटचं होतं. तीन ग्लास भरले. आम्ही डोळ्यांत बघून ग्लास लावले खरे, पण बघवत नव्हतं.

पाव, गवत आणि ती स्वच्छ कडवट चव. सगळं जागच्या जागी होतं.

"कशी आहे?" ओटाकारने विचारलं. "नीट सांगा. खोटं नको."

"जूनमध्ये रुळांकडेचं गवत कापायचो ना आम्ही," बोहुश कसाबसा म्हणाला, "आणि बायको फडक्यात पाव बांधून आणायची... तशी आहे बघ." आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ओटाकारने आपला ग्लास संपवला. "मला थंड लागली," तो म्हणाला. "आणि शेवटी कडू."

वसंतात एक माणूस ट्रक घेऊन आला आणि टाक्या घेऊन गेला. माझ्या नळाला आता मोठ्या कंपनीची बिअर येते. तिच्यात काही खोट नाही. बोहुश ती पितो, पण तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाही.

ओटाकार आता ब्रनो शहरात मुलीकडे असतो. मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले होते. बारीक झालाय, पण नीटनेटका असतो. जेवताना मुलीने बिअरची बाटली उघडली, तर त्याने आपल्या ग्लासवर हात ठेवला आणि पाणी मागितलं.