घराखालचं बिऱ्हाड

जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात, क्लाइव्हला हृदयाचा झटका येऊन गेला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "औषधं ते घेतील हो. त्यांना नुसतं बसायला शिकवा."

मी जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. साठ सेकंद हात बांधून बसणं काय असतं हे पाच वर्षांच्या मुलांना मी हसत हसत शिकवलेलं आहे. पण घरं बांधण्यात आयुष्य घालवलेला नवरा हा वेगळाच विद्यार्थी. खुर्चीत बसला की तो खुर्चीचा ढिला पाय शोधतो. आणि पुन्हा झटका आला तर काय, ह्या विचाराने झोप मला येत नाही, त्याला येते.

म्हणून ह्या ख्रिसमसला, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, मुलं नकोत, नातवंडं नकोत, पंचवीस माणसांचं जेवण नको, असं ठरवून आम्ही दोघंच आमच्या दक्षिण गोलार्धातल्या कोरोमंडलच्या किनाऱ्यावर ग्रॅहमच्या सुट्टीच्या घरात आलो. बुटक्या खांबांवर उभ्या लाकडी खोल्या दोन, खाली पोकळी, पुढे पडवी, पडवीपासून वाळू. ग्रॅहम जुना मित्र, तो भाडं घेत नाही. आमच्याकडे रीतच अशी आहे, की मित्राचं घर वापरलं तर निघण्याआधी त्यातलं एखादं काम करून जायचं. कुणी गळणारं छप्पर बघतं, कुणी खिडक्यांना रंग देतं.

"ह्या वेळचं काम माझं," मी गाडीतच सांगून टाकलं. "मी पडदे शिवणार आहे. तू हातोडीला हात लावायचा नाहीस."

"पडदे हे काय काम झालं?" क्लाइव्ह म्हणाला. "ग्रॅहम हसेल."

"हसू दे. तू बसलेला दिसलास तर जास्त हसेल."

पहिल्याच संध्याकाळी, सूर्य बुडून अंधारू लागलं तेव्हा, आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो आणि पायाखालून कुणीतरी कण्हलं. आधी म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसं, मग गाढवाने रेकायला सुरुवात करून मध्येच विचार बदलावा तसं. त्यापाठोपाठ मासळीचा उग्र वास आला. क्लाइव्हने कान टवकारले. काम सापडल्याची त्याची ती नजर मला चांगली माहीत आहे.

"मांजर," तो म्हणाला. "मोकाट मांजर शिरलंय खाली. मासे चोरून आणतंय."

"मांजर असं कण्हतं?"

"म्हातारं मांजर असेल. माझ्यासारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूत फिरायला गेले, तर पाण्यापासून निघालेली पावलांची एक ओळ सरळ आमच्या घराच्या मागच्या बाजूला आलेली. छोटी, तीन बोटांची, बोटांमध्ये पातळ पडदा. मी क्लाइव्हला बोलावून दाखवलं.

"सीगल," तो म्हणाला आणि परत मांजराचा विचार करायला लागला. मीही ते तिथेच सोडलं. वर्गात एखाद्या मुलाने असं अर्ध्यावर सोडलं असतं, तर मी सोडू दिलं नसतं.

ख्रिसमसच्या दुपारी आम्ही थंड हॅम, नवे बटाटे आणि मटार खाल्ले. वर स्ट्रॉबेरी आणि साय. मागच्या अंगणातल्या पोहुतुकावाच्या झाडाच्या लाल फुलांचे तंतू गवतावर गळत होते. मग वेलिंग्टनहून आमची मुलगी रोविना हिचा फोन आला, आणि मी बोलत बोलत पाण्याकडे गेले.

"बाबा आराम करतायत ना?" तिने विचारलं.

"अगदी. डुलकी काढतोय."

"मग ही ठाकठूक कसली?"

मी मागे वळून ऐकलं. "शेजाऱ्यांची असेल," मी म्हणाले आणि फोन ठेवून धावत आले. म्हणजे माझ्या वयात जितकं धावता येतं तितकं.

घराच्या मागे क्लाइव्ह गुडघ्यांवर बसून कपाळाचा घाम पुसत होता. भिंत आणि जमीन ह्यांच्यामध्ये जी फट होती, तिच्यावर दोन जाड फळ्या ठोकून झाल्या होत्या.

"आधी घरात पाय आपटून लाकडी जमीन वाजवून बघितली," तो आपणहून सांगू लागला. "आतून हूं की चूं नाही. मांजर बाहेर गेलंय. आता ये म्हणावं."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी चिडून त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली, त्याला घडीच्या खुर्चीत सावलीत बसवलं, पाणी दिलं.

उन्हं कलल्यावर मी भांडी विसळत होते आणि खालून आवाज आला. कण्हणं नव्हे. बारीक, पातळ, एकसारखी चिवचिव. भूक लागलेल्या बाळाची.

मी हात पुसत मागे गेले आणि क्लाइव्हसमोर उभी राहिले.

"एक प्रश्न विचारते. सीगलला पंख असतात?"

"हा काय प्रश्न झाला?"

"असतात की नाही?"

"असतात."

"मग तो समुद्रापासून घरापर्यंत चालत कशाला येईल?"

क्लाइव्हने माझ्याकडे पाहिलं. मग फळ्यांकडे. मग समुद्राकडे. मुलांच्या चेहऱ्यावर उत्तर उगवताना मी हजारदा पाहिलंय, पण ह्या चेहऱ्यावर ते असं उगवलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"पेंग्विन," तो म्हणाला. "अरे देवा. छोटे निळे, ह्या किनाऱ्यावरचे. आई-बाप दिवसभर मासे धरायला जातात, पिल्लू आत गप्प बसतं. मर्ल, मी पिल्लाला कोंडलं." आणि तो उठायला लागला.

"बस खाली."

"अगं, अंधार पडला की ते येतील!"

"म्हणूनच म्हणते, बस. मी काढते. तू सांग. उठलास तर मी हातोडी पाण्यात टाकीन."

मी गवतावर पालथी पडले. हातोडीचं दुभंगलेलं टोक खिळ्याच्या डोक्याखाली घातलं आणि ओढलं. काहीच झालं नाही.

"इतके लांब खिळे कशाला रे मारलेस?"

"काम केलं की पक्कं करायचं."

"मांजरासाठी?"

पहिली फळी कशीबशी सुटली. दुसरी जाम. आतली चिवचिव वाढली होती आणि समुद्रावरचा उजेड जांभळा होऊ लागला होता. मागे खुर्ची करकरली.

"क्लाइव्ह!"

"उठलो नाही. फक्त पुढे सरकलो. हे बघ, खिळा ओढू नकोस. टोक फळीच्या आड घाल, फळीच उचल. आता वरून एक हलका ठोका मार, फळी परत बसेल, पण खिळ्यांची डोकी वर राहतील. शाबास. आता ओढ."

खिळा लोण्यातून यावा तसा आला. नंतरचे तसेच आले. फळी पडली आणि आतल्या अंधारातून मासळीचा वास आणि चिवचिव एकदमच बाहेर आली. मी दुरूनच पाहिलं. राखाडी लवेचा एक गोळा, भेदरलेला, पण जिवंत.

दिवे बंद करून मी दुसरी खुर्ची त्याच्याशेजारी आणली, फटीपासून लांब. "आता हलायचं नाही," मी कुजबुजले. "आपण दिसलो तर ते येणार नाहीत."

आम्ही बसलो. क्लाइव्हचे हात मांडीवर होते, श्वास संथ होता. मध्येच तो म्हणाला, "खोकला येतोय." मी म्हणाले, "गीळ." त्याने गिळला.

मग वाळूवर काहीतरी हललं. थांबलं. पुन्हा हललं. एक बुटका, ओला, निळसर पक्षी डुलत डुलत वर आला, पोहुतुकावाखाली उभा राहिला आणि आमच्या खुर्च्यांकडे बराच वेळ बघत राहिला. क्लाइव्हची पापणीसुद्धा लवली नाही. पक्षी फटीत शिरला आणि खालून तेच जुनं, गाढवासारखं कण्हणं सुरू झालं. आता ते ऐकून मला रडू आलं.

"चल," थोड्या वेळाने मी हळूच म्हणाले, "आत जाऊ. गार पडलंय."

"श्श. दुसरा यायचाय अजून."

मी घोंगडी आणून त्याच्या खांद्यांवर टाकली. त्याने ती ओढून घेतली, पण नजर वाळूवरून काढली नाही.

"मर्ल, ते दिवसभर एवढे कुठे जात असतील गं? आणि ह्या इतक्या घरांतून नेमकं आपलंच कसं ओळखतात?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले आणि त्याच्याशेजारी बसले.