दऱ्यातली वाट किती लांब

प्रभुदास साळवे यांनी मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली. पाथर्डी तालुक्यातले निम्मे बांध त्यांच्या साखळीखालून गेले असतील. भाऊभाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत, पण प्रभुदासांनी घातलेली खूण दोघंही मानत. म्हणून तालुक्याच्या क्रीडा मंडळाने पळण्याच्या शर्यतीसाठी दहा किलोमीटरची वाट आखायची ठरवली, तेव्हा मंडळाचे चिटणीस भिमाजी सरळ तिसगावात त्यांच्या घरी आले. प्रभुदास निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. खोलीच्या कोपऱ्यात साखळी गुंडाळून पडलेली होतीच.

वाट निम्मी मोकळ्या रानातून आणि निम्मी वनखात्याच्या दऱ्यातून जायची. दऱ्यात सुबाभूळ, करंज आणि कडुनिंब इतके दाट वाढले होते की दुपारीही खाली सावलीच. साखळी ओढायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक धरायला प्रभुदासांनी सहादूला बोलावलं. खात्यात बावीस वर्षं तोच त्यांच्या मागं साखळी धरून चालला होता. एक साखळी तीस मीटरची. दर साखळीला पुढच्याने जमिनीत लोखंडी सुई रोवायची, मागच्याने ती उचलायची. दहा सुया झाल्या की मागच्याने खिशात एक खडा टाकायचा. दोघांना हे डोळे मिटूनही येत होतं. तेहतीस खडे आणि वर थोडं, झाली दहा किलोमीटर. खात्याचं काम नव्हतं म्हणून प्रभुदासांनी त्या दिवशी वहीसुद्धा नेली नाही.

शर्यत झाली ती अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात. मुलींमध्ये पहिली येणारी बेचाळीस मिनिटांच्या आत आली, तर तिला पुण्याच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. पहिली आली यशोधरा. एकोणचाळीस मिनिटं पन्नास सेकंद. दुसरी नगरची माधुरी, तिच्यामागं दीड मिनिटानं.

आणि यशोधरा ही सहादूची मुलगी.

प्रभुदासांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण घड्याळावरचा आकडा ऐकून त्यांच्या मनात बारीकसं काहीतरी टोचलं. ही पोरगी मागच्या महिन्यात डांबरी रस्त्यावर त्रेचाळीस मिनिटांत पळाली होती. चढउताराच्या रानवाटेवर तीन मिनिटं कमी कशी झाली? तयारी झाली असेल, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला सारला.

चार दिवसांनी भिमाजी आले ते तोंड पाडून. त्यांच्यासोबत माधुरीचा चुलता पंकज होता. तो मस्कतला इंजिनिअर, सुट्टीवर आलेला. त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढं काळं यंत्र होतं, वर छोटा पडदा आणि आखूड एरियल.

"काका, हे उपग्रहावरून अंतर मोजतं," पंकज म्हणाला. तो नम्रपणेच बोलत होता. "मी काल तुमची वाट दोनदा चाललो. एकदा आठ किलोमीटर सातशे भरली, एकदा आठ आठशे."

"आमची दहा हाय," प्रभुदास म्हणाले.

"तुमी मोजली न्हवं, सहादूच्या संगं," भिमाजी हळूच म्हणाले. "म्हंजी माझं काय न्हाई, पर लोक बोलायला लागल्यात. पोरीच्या बापानंच साखळी धरली म्हणं."

प्रभुदासांच्या कानाची पाळी तापली. एकतीस वर्षांत कुणी त्यांना असं तोंडावर विचारलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "चार रोज द्या. मी बगतो."

माणसं गेल्यावर त्यांनी साखळी अंगणात पसरली. एक-एक कडी तपासली. शेजारच्या सुताराची पोलादी फीत आणून लावली. साखळी तीसच भरली. मग चूक कुठं? सव्वा किलोमीटर म्हणजे चाळीसेक साखळ्या. एवढी चूक हातून होत नाही. एवढी चूक करावी लागते.

हा विचार आला आणि मग तो जाईना. खडे कुणाच्या खिशात होते? सहादूच्या. वही कुणी नेली नाही? आपण. दऱ्यात मोजताना सहादू म्हणाला होता, "दादा, लवकर उरकू, ऊन चढतंय," तेही आठवलं. सावलीत कसलं ऊन? खिशात चार खडे जास्तीचे टाकायला किती वेळ लागतो? नाहीतर पोरीनंच कुठंतरी वळसा टाळून वाट तोडली असेल. पण मग यंत्राचा आकडा? का हा पंकजच पुतणीसाठी काही करतोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच दऱ्यात गेले. जिथं ओढा वळसा घेतो, तिथं आडवं चढून वाट तोडता येते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आडवाटेवरच्या मऊ मातीत ते वाकून बुटांचे ठसे बघत राहिले. ठसे शेळ्यांचे होते, गुराख्यांचे होते. बुटाचा एकही नव्हता. त्यांना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटली. परत येताना सहादू समोरून आला. सकाळचं दऱ्यात काय काम निघालं, असं त्यानं विचारलं नाही. फक्त त्यांच्या गुडघ्यांना लागलेली माती बघितली.

चौथ्या दिवशी सगळे जमले. प्रभुदासांनी आधी सगळ्यांना डांबरी रस्त्यावर नेलं. मैलाच्या दोन दगडांमधलं अंतर, सरकारी एक किलोमीटर. साखळीनं तेहतीस सुया आणि वर दहा मीटर भरले. पंकजच्या यंत्रानं एक किलोमीटर वीस मीटर दाखवलं.

"बघा, वीस मीटरचाच काय तो फरक," पंकज म्हणाला. भिमाजींनी मान हलवली. साखळीचं मागचं टोक धरलेला सहादू लांब उभा राहून ऐकत होता.

"आता दऱ्यात चला," प्रभुदास म्हणाले.

तिथं त्यांनी दोन झाडांना सुतळ्या बांधल्या, मधे नागमोडी वाट. साखळीनं वीस सुया, म्हणजे सहाशे मीटर. पंकज यंत्र हातात धरून चालला. चारशे दहा. प्रभुदास म्हणाले, "आता त्याच वाटंनं माघारी या." तो आला. चारशे सत्तर.

"जाताना आखूड अन् येताना लांब, आसं कसं वो?" भिमाजींनी विचारलं.

पंकज पडदा डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. प्रभुदासांनी त्याला एका करंजाखाली उभं केलं. "हितंच उभं ऱ्हावा. पाऊल उचलू नका." भिमाजींची एक विडी ओढून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. यंत्राच्या मते तेवढ्यात तो पन्नास मीटर चालला होता.

कुणी हसलं नाही. पंकजनं यंत्र खाली केलं. "झाडाखाली यंत्राला आकाश दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "उपग्रह हरवतो. मग जिथं मोकळं सापडेल तिथला ठिपका घेतं आणि मागच्या ठिपक्याला सरळ रेघ जोडतं. वळणं सगळी गळतात." मग म्हणाला, "यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय हे. मी नीट वाचलं नव्हतं, काका."

तिथंच थांबले असते तर सगळं मिटलं असतं. भिमाजी तर घरी जायला वळलेसुद्धा. पण प्रभुदासांच्या मनातली टोचणी यंत्रामुळं आलेली नव्हती, ती आधीचीच होती.

"सगळी वाट परत मोजायची," ते म्हणाले. सवयीनं सहादू पुढं झाला आणि त्यानं साखळीच्या मागच्या टोकाला हात घातला.

"तू नगं," प्रभुदास म्हणाले. "पंकजराव धरतील."

सहादूनं टोक खाली ठेवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या हातात गेलं. तो दऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसला.

या वेळी प्रभुदासांनी वही आणली होती. दर दहा सुयांना रेघ ओढली. वळणावर, पळणारा जसा आतून जाईल, तशी आतल्या कडेनं साखळी टाकली. मोजणी संपायला दुपार टळली. आकडा आला नऊ किलोमीटर नऊशे चाळीस.

"साठ मीटर कमी," पंकज म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "म्हणजे बरोबर दोन साखळ्या, नाही का?"

प्रभुदासांनी त्याच्याकडं बघितलं. "वळणं लई हायत. गेल्या टायमाला मी मधून मोजली हुती," ते म्हणाले. ते खरं होतं. पण दोन सुया चुकल्या तरी साठच मीटर होतात, हेही खरं होतं. कुठलं खरं जास्त खरं, हे सांगायला वही नव्हती.

त्यांनी आकडा जसाच्या तसा मंडळाला लिहून दिला, खाली सही केली. भिमाजी म्हणाले, "कशाला? कुनी इचारलं बी न्हवतं!" पण कागद हातात आल्यावर मंडळालाही दुसरं काही करता येईना. शर्यत रद्द झाली. साठ मीटरला पळणारीचे पंधरा सेकंदसुद्धा जात नाहीत, यशोधरा तरीही बेचाळीसच्या आतच होती, हे सगळ्यांना कळत होतं. नियम तो नियम. यशोधरेनं त्यानंतर प्रभुदासांच्या दारावरून जाणं सोडलं. त्यांच्या बायकोनं, रूथबाईंनी, सहादूकडं नाताळाच्या करंज्या पाठवल्या, त्या ताट झाकून तशाच परत आल्या.

जानेवारीत नगरच्या मैदानावर पंचवीस फेऱ्यांची शर्यत पुन्हा झाली. प्रभुदास गेले नाहीत. संध्याकाळी भिमाजींनी येऊन सांगितलं, "यशोधरा पयली. येक्केचाळीस मिन्टं बारा सेकंद. माधुरी फुडंच हुती, शेवटच्या दोन फेऱ्यांत तिला गाटलं. पंकजराव सोता उटून टाळ्या वाजवत हुते." प्रभुदासांनी डोळे मिटून हात जोडले.

यशोधरा पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सहादू आला. उंबऱ्यातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"दादा, येक इचारू? त्या दिवशी तुमाला माजा संशय आल्ता का?"

प्रभुदासांना खोटं बोलता आलं असतं. सहादूनं ते मानूनही घेतलं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "तुजा आल्ता. पोरीचा बी आल्ता. ठसे बगाया गेल्तो."

"मातीवरनं वळखलं हुतं मी." सहादू खाली बघत राहिला. "खडं मी जास्तीचं टाकलं न्हाईत, दादा. पर येक सांगतो. काट्यात सुया उचलताना मन पोरीकडं हुतं. येखादी दोनदा मोजली आसंल, तर मला बी ठावं न्हाई."

बाहेर रूथबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मला बी ठावं न्हाई," प्रभुदास म्हणाले. "वही न्यायची हुती मी. चूक माजी."

 मग सहादूनं चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसला. रूथबाईंनी चहा टाकला. दोघं चहा प्यायले, पावसापाण्याचं बोलले, पोरीला पुण्यात थंडी सोसेल का यावर बोलले. साखळीचा विषय कुणी काढला नाही. मात्र त्यानंतर मोजणीला कुणी बोलावलं, की प्रभुदास साखळीच्या आधी वही शोधत.