पांढऱ्या चौकोनाखालचा ठिपका

मी एक जुना आलेख आहे. मित्रांनो, जुना म्हणजे दोनच वर्षांचा. पण संगणकात एवढ्यात फाइल म्हातारी होते.

नांदेडला कॉलेजात शिकणाऱ्या रुखसारने मला आर नावाच्या संगणकभाषेत घडवले. निलंग्याकडच्या चाळीस विहिरींच्या पाण्यात दात-हाडे बिघडवणारे फ्लोराइड किती, ते तिने तपासले होते. प्रत्येक विहिरीचा एक ठिपका. फोटो ताणला की धूसर होतो. मी रेषांच्या हिशेबाने बनलेलो, मला वहीएवढा करा की भिंतीएवढा, माझी कड धारदारच राहते. याचा मला फार तोरा होता.

चाळिसावा ठिपका मात्र सगळ्यांच्या वर, एकटाच होता. ती सिद्धम्माची विहीर. पाण्याचा नमुना देताना तिने विचारले होते, "नातीचे दात पिवळे पडून राहिलेत. पाणी चांगलं हाय ना, बाई?" निकाल आणून दाखवीन, असा शब्द रुखसारने दिला होता.

कॉलेजातल्या सरांनी मला पाहून आठ्या घातल्या. "हा एक ठिपका सगळी रेष बिघडवून राहिला. नमुनाच चुकला असंल. काढ त्याला."

आकडा खोडायला रुखसारचा हात धजला नाही. मला घडवणाऱ्या सूचनांत तिने एक ओळ वाढवली आणि ठिपक्यावर पांढरा चौकोन चढवला. कॉलेजच्या प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले. मग दोन वर्षे मला कुणी उघडले नाही, आणि निकाल घेऊन कुणी गावाला गेले नाही. फोल्डरच्या अंधारात तो ठिपका मला चौकोनाखालून जाणवत राही. मला त्याची भीती वाटे.

यंदा सिद्धम्माच्या गावच्या ग्रामपंचायतीने निकाल मागितला, तेव्हा रुखसार मला बॅनरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार बसवराज मला मोठा करता करता थांबला.

"ताई, हा पांढरा तुकडा हलून राहिला. खाली एक ठिपका हाय. मिटवू का?"

रुखसारने पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवले. "नको," ती म्हणाली. "तुकडा काढा. ठिपका लाल करा."

आता मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. पहिल्याच दिवशी सिद्धम्मा नातीला घेऊन आली. रुखसारने तिला लाल ठिपका दाखवला.

"ही माझी हीर?"

"हाव, मावशी. तिचं पाणी पिऊ नका."

"कधी कळलं तुला?"

"दोन वर्षं झाली," रुखसार खाली मान घालून म्हणाली.

सिद्धम्माने नातीच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि पायरीवर ओतून टाकली.

मित्रांनो, एखादा ठिपका तुम्हाला नडला तर आधी त्याच्या विहिरीवर जाऊन या. त्याच्यावर चौकोन चढवू नका. ती पोर दोन वर्षे ते पाणी पीत होती, आणि मी सुबक दिसत होतो.